रमाबाईंनी सांगितलेली अमेरिका

एकोणिसाव्या शतकात अमेरिका आपल्याकडे आली ती बोलायला. ऐकायचे काम आपले. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन मिशनरी मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. पुढे या मिशनने अहमदनगरला बस्तान बसवले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढला. १८७९ च्या फेब्रुवारीत अमेरिकन थिऑसॉफिस्ट कर्नल ऑलकॉट मुंबईत आले. पुढच्याच महिन्यात त्यांनी धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये थिऑसॉफीवर व्याख्यान दिले, आणि हिंदूंना त्यांचा धर्म श्रेष्ठ आहे असे एक गोरा सांगतो आहे, हे ऐकायला सभागृह भरले. बंगळुरूची गोष्ट वेगळी नव्हती. ज्याच्या ब्लॅकपल्ली भागाला आपण आज शिवाजीनगर म्हणतो, त्या कॅन्टोन्मेंटात १८७० च्या दशकात विल्यम टेलर या अमेरिकन मेथडिस्ट प्रचारकाची प्रवचने झाली. तिथून जवळच रिचमंड टाउनमधल्या बाल्डविन शाळेला ओहायोतल्या जॉन बाल्डविन नावाच्या दात्याचे नाव आहे. शाळा १८८० ची.

तिकडून शिक्षक येत, पैसा येत असे, पापपुण्याचा हिशेब येत असे. अमेरिका स्वतः कशी आहे, तिच्यात न्याय किती आणि अन्याय किती, हे आपल्यातल्या कोणी पाहून, तपासून, मराठीत उभे राहून सांगावे, याला १८८९ साल उजाडावे लागले. सांगणारी एक बाई होती, विधवा होती, आणि तिचा जन्म आजच्या कर्नाटकातला.

पंडिता रमाबाई २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले, आणि लेकीच्या बाबतीतही तोच हट्ट धरलेले. आईबाप दुष्काळात गेले. मग भाऊ श्रीनिवासबरोबर पायी भटकत, पुराणे सांगत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या, आणि तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटले. भाऊ वारला. मग बिपिनबिहारी मेधावींशी नोंदणी पद्धतीने लग्न, मुलगी मनोरमा, आणि दीड-दोन वर्षांत वैधव्य. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्याने त्यांना मनातून उतरवायला एवढे पुरेसे होते. जोतिराव फुले मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले.

फुल्यांचे नाव इथे ओघाने आले नाही. अमेरिकेला न्यायाच्या प्रश्नाशी जोडणारे मराठीतले पहिले ठळक पान त्यांचेच आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका त्यांनी अमेरिकेतल्या त्या सज्जनांना वाहिली, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुस्तक मराठी, अर्पणपत्रिका मात्र इंग्रजीत. फुल्यांनी अमेरिका पाहिली नव्हती. पण नगरच्या अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या होत्या. त्या मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ पासून या मुलुखात शिकवत होत्या. अमेरिकेकडे फुले पाहत होते ते आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांना समोर ठेवून: त्यांच्याकडे गुलामांना सोडवणारे निघाले, आपल्याकडे कोण निघणार? त्या वेळी गुलामी कायद्याने संपून आठ वर्षेच झाली होती, आणि संपल्यानंतर काय झाले हे दुरून दिसण्यासारखे नव्हते. ते दिसायला माणूस तिथे जावा लागणार होता.

रमाबाई गेल्या त्या दुसऱ्याच निमित्ताने. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात डॉक्टर होत होत्या. पदवीदान ११ मार्च १८८६ ला होते, आणि कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंना बोलावणे धाडले होते. त्या लिव्हरपूलहून बोटीने निघाल्या आणि मार्चच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात उतरल्या. काही महिने राहून परतायचा बेत होता. त्या राहिल्या पावणेतीन वर्षे.

या पावणेतीन वर्षांत त्या बोलत राहिल्या. पांढरे लुगडे नेसलेली, कानाला थोडी कमी ऐकू येणारी ही छोटीशी बाई चर्चमध्ये, कॉलेजांत, बायकांच्या क्लबांत उभी राहून उच्चवर्णीय हिंदू विधवेची कथा सांगे. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले, प्रस्तावना बॉडलींची. ते हातोहात खपले. त्या वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष होते युनिटेरियन धर्मगुरू एडवर्ड एव्हरेट हेल, आणि उपाध्यक्षांत दारूबंदी चळवळीच्या नेत्या फ्रान्सिस विलार्ड होत्या. गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे. त्या पैशावर हिंदुस्थानात विधवांची शाळा चालणार होती, आणि त्या शाळेत धर्मप्रचार होणार नाही ही अट मान्य झाली होती. ही अट लक्षात ठेवावी. पुढचे सगळे रामायण तिच्यावरूनच झाले.

या भाषणांबद्दल माझ्या मनात दोन मते आहेत, आणि मला ती एकमेकांत विरघळवता येत नाहीत. एकीकडे, परक्या देशात परक्या भाषेत उभे राहून पैसा उभारणारी एकटी बाई. असे उदाहरण त्या काळात दुसरे नाही. दुसरीकडे, दयेवर पैसे गोळा करायचे तर दया येईल अशीच कथा सांगावी लागते. हिंदू बाई म्हणजे दुःखाची पुतळी, हे चित्र अमेरिकन मनावर ठसले त्यात या व्याख्यानांचा वाटा आहे, आणि मिशनऱ्यांनी त्याचा पुरेपूर वापर केला. १८९५ मध्ये ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलचे आणि स्वामी विवेकानंदांचे जाहीर वाजले ते यावरूनच. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी तर त्याच काळात अमेरिकेत उभे राहून अमेरिकनांनाच चार खडे बोल सुनावत होते. गोपाळराव म्हणजे अजब रसायन. याच माणसाने पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनच्या चहाचा घाट घालून रानडे-टिळकांसह भल्याभल्यांना प्रायश्चित्ताच्या वादात अडकवले.

पण रमाबाई बोलत होत्या तशा पाहतही होत्या, आणि त्यांच्या मुक्कामाची वर्षे पाहण्याजोगी होती. त्या पोचल्यानंतर दोन महिन्यांनी शिकागोच्या हेमार्केटमध्ये आठ तासांच्या कामासाठी जमलेल्या सभेत बाँब फुटला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात चौघांना फाशी झाली, आणि पुरावा कितपत होता यावर जगभर वाद झडला. १८८६ च्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मताधिकाराची मागणी करणाऱ्या बायकांनी बोट भाड्याने घेऊन पाण्यावरून निषेध केला. स्वातंत्र्य स्त्रीरूपात उभे, आणि स्त्रीला मत नाही! जानेवारी १८८७ मध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव सिनेटपुढे आला आणि १६ विरुद्ध ३४ मतांनी पडला. फेब्रुवारीत डॉझ कायदा झाला, त्याने मूळच्या रहिवाशांच्या सामाईक जमिनी तुकड्यातुकड्यांनी वाटायला काढल्या आणि उरलेल्या गोऱ्यांना खुल्या केल्या. एप्रिलमध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने आयडा वेल्स या तरुण कृष्णवर्णीय शिक्षिकेचा दावा फेटाळला. बायकांच्या डब्याचे तिकीट असून तिला रेल्वेच्या डब्यातून ओढून काढले होते, खालच्या कोर्टात ती जिंकलीही होती. दक्षिणेत एकामागून एक राज्ये काळ्यांसाठी वेगळे डबे करणारे कायदे करू लागली होती. चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी १८८२ पासून होतीच.

हे सारे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या बायकांत त्या वावरत होत्या त्यांची निम्मी आयुष्ये याच भांडणांत गेलेली होती. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतून आलेल्या, मग दारूबंदीत शिरलेल्या, मग मताधिकाराच्या मागे लागलेल्या या बायका. रमाबाई हॅरिएट टबमनला भेटल्या. गुलामीतून पळालेली आणि परत परत दक्षिणेत शिरून इतरांना पळवून आणणारी ती म्हातारी. त्या भेटीबद्दल त्यांनी इंग्लंडमध्ये ठेवलेल्या छोट्या मनोरमेला पत्रात लिहिले. आईने पाच-सहा वर्षांच्या मुलीला गोष्ट सांगावी ती हॅरिएट टबमनची, हे मला फार बोलके वाटते.

आणि मार्च १८८८ चे वॉशिंग्टन. स्त्रीहक्कांसाठी सेनेका फॉल्सला भरलेल्या सभेला ४० वर्षे झाली म्हणून सुझन अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. २५ मार्च ते १ एप्रिल, एका नाट्यगृहात, आठवडाभर. व्यासपीठावर रमाबाई होत्या. एकेकाळचे गुलाम, नंतरचे नामवंत वक्ते फ्रेडरिक डग्लसही याच परिषदेत बोलले. फुल्यांनी ज्यांच्या मुक्तीचे कौतुक केले होते त्यांच्यापैकी सर्वांत मोठा माणूस आणि फुल्यांनी जिची बाजू घेतली होती ती पंडिता एकाच परिषदेत! त्यांची गाठ पडली की नाही, यापेक्षा तो मंच एक होता हेच मला महत्त्वाचे वाटते.

१८८८ अखेरीस त्या सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजात बसल्या, जपानमार्गे निघाल्या आणि १ फेब्रुवारी १८८९ ला मुंबईला उतरल्या. ११ मार्चला, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे होत असताना, त्यांनी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. आनंदीबाई हे पाहायला नव्हत्या. पदवीनंतर वर्षाच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले होते. सदनात येणाऱ्या पहिल्या विधवा मुलींत गोदूबाई होती. तीच पुढे आनंदीबाई कर्वे, धोंडो केशवांची पत्नी.

शाळा चालवायची, मुली गोळा करायच्या, बोस्टनला हिशेब पाठवायचे, आणि या सगळ्यात वर्ष संपायच्या आत मराठीत एक जाडजूड पुस्तक लिहून निर्णयसागर छापखान्यातून बाहेर काढायचे. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. डिसेंबर १८८९.

नावात ‘लोकस्थिती’ आधी आहे आणि प्रवास मागून, आणि पुस्तकही तसेच आहे. प्रवासाचे एक प्रकरण संपले की रमाबाई देशाच्या घडणीकडे वळतात, मग राज्यपद्धती, मग घरगुती आयुष्य, शिक्षण, धर्मपंथ आणि दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग. आपण पाहिलेली गंमत सांगावी असा त्यांचा हेतूच नाही. राजाशिवाय देश कसा चालतो, हे त्यांना राणीच्या राज्यात राहणाऱ्या वाचकाला समजावून सांगायचे आहे. इंग्लंडमध्ये तीन वर्षे काढलेली ही बाई इंग्लंडच्या तावडीतून सुटलेल्या वसाहतींची कहाणी मराठीत सविस्तर लिहिते, आणि ती वाचणाऱ्याच्या मनात काय येईल हे तिला माहीत नसेल असे समजण्याइतके आपण भोळे होऊ नये. काँग्रेसला तेव्हा चार वर्षे झाली होती.

पण हे पुस्तक मला मोठे वाटते ते त्यातल्या स्तुतीमुळे नाही. स्तुती भरपूर आहे: शाळांची, ग्रंथालयांची, बायकांच्या संघटनांची, दारूबंदीच्या चळवळीची, कामाची लाज न बाळगणाऱ्या लोकांची. कधी कधी ती इतकी होते की वाचक हळूच पाने उलटतो. मोठेपण आहे ते कौतुकाच्या ऐन भरात हात आखडता घेण्यात. मूळच्या रहिवाशांच्या जमिनी कशा हडपल्या आणि त्यांना कसे देशोधडीला लावले, हे त्या झाकत नाहीत. युरोपीयांनी नवा खंड ‘शोधला’ ही गोष्ट त्या लुटीच्या बाजूनेही सांगतात. गुलाम मोकळे झाले तरी काळ्या माणसाला गोऱ्याच्या जवळ बसू न देणारी वृत्ती मेलेली नाही, हे त्या लिहितात; आणि जातीच्या देशातून आलेल्या माणसाला ते ओळखू न येते तरच नवल. स्त्रियांच्या प्रकरणात तर त्यांची लेखणी अधिकच धारदार होते. समतेच्या जाहीरनाम्यावर उभा असलेला देश अर्ध्या लोकांना मत देत नाही, सारखे काम करून बाईला मजुरी कमी, एवढे शिक्षण देऊनही बायकांना कायद्याने दुय्यम ठेवलेले, हे त्या मांडतात. टोप्यांवर पक्ष्यांची पिसे खोवणाऱ्या बायकांच्या हौसेवर झालेली त्यांची टीका वाचून हसू येते, पण शाकाहारी बाईचा तो राग खरा होता.

परदेश पाहून आलेल्या माणसाची दोन रूपे आपल्याला पाठ आहेत. तिकडचे सगळे सोन्याचे म्हणणारा एक, आणि आपलेच बरे म्हणून मिशीला पीळ देणारा दुसरा. रमाबाई दोन्ही नव्हेत, आणि त्याचे कारण मला त्यांच्या स्थितीत दिसते. हिंदू समाजाने त्यांना बाहेर टाकले होते. इंग्लंडच्या मिशनरी भगिनींशी त्यांचे धर्मतत्त्वांवरून वर्षानुवर्षे खटके उडत होते, कारण चर्च सांगेल तेच मानायला त्या तयार नव्हत्या. अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतले, पण त्यांनी तिथेही आपले लुगडे आणि आपला भाजीभात सोडला नाही. कुठेच पूर्ण घरचे नसलेले माणूस सगळीकडची घरे नीट पाहते.

१८८९ मध्येच काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाई जोशींचे चरित्र मराठीत लिहिले. म्हणजे अमेरिकेवर मराठी बायकांच्या हातची दोन पुस्तके एका वर्षातली. तोवर मराठी पुरुषांनी इंग्लंडवर बरीच शाई खर्च केली होती. अमेरिका मात्र बायकांच्या वाट्याला आली, कारण बायकांना तिथे जायचे खरे काही कारण होते. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होता येई, साहेबाची मर्जी मिळे. अमेरिकेत बाईला डॉक्टर होता येई आणि सभेत उभे राहता येई.

डिसेंबर १८८९ च्या अखेरीस मुंबईत काँग्रेसचे पाचवे अधिवेशन भरले. योगायोग असा की सालाइतकेच, म्हणजे १८८९ प्रतिनिधी आले. त्यांत मोजक्या बायका होत्या, आणि रमाबाई त्यांतल्या एक. त्या अधिवेशनाबरोबर भरणाऱ्या सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाच्या प्रश्नावर बोलल्या. वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात बायकांनी भरवलेल्या परिषदेत आठवडाभर बसून आलेली बाई आता पुरुषांनी भरलेल्या मांडवात उभी होती. त्यांच्या नव्या पुस्तकात संघटना कशी बांधावी, वर्गणी कशी गोळा करावी, सभा कशी चालवावी याची इतकी बारीक वर्णने का आहेत, हे या मांडवात उमगते. ते पुस्तक गंमत म्हणून लिहिले नव्हते. कामाला लावायचे होते.

ते कामाला लागले नाही. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला गेले. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळावर होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात अशी कुणकुण लागली, ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनहून ज्युडिथ अँड्र्यूज चौकशीला आल्या आणि असोसिएशन रमाबाईंच्या मागे उभी राहिली. पुण्याचा वाद धर्मांतराबद्दल होता, आणि तो निव्वळ खोटा होता असेही म्हणता येत नाही. दार उघडे ठेवून प्रार्थना करणे आणि धर्मप्रचार करणे यांतली रेषा रमाबाईंनी स्वतःच पुसट ठेवली होती. पण त्या गदारोळात त्यांची अमेरिका कोणी वाचली नाही. बाटलेल्या बाईने परदेशाची केलेली तपासणी वाचण्याची पुण्याला गरज वाटली नाही, आणि मिशनऱ्यांना अमेरिकेवर टीका करणाऱ्या पानांची. पुढे दुष्काळ आला, मुक्ती मिशन आले, केडगाव आले, बायबलचे मराठी भाषांतर आले. रमाबाई त्या ओळखीत बंद झाल्या.

पुस्तक फिरून छापले गेले ते १९९६ मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून. २००३ साली मीरा कोसंबींनी ते इंग्रजीत नेले, आणि त्याच वर्षी रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांच्या संपादनात दुसरे इंग्रजी भाषांतर निघाले. ज्यांच्याबद्दल ते लिहिले होते, त्यांना ते वाचायला ११४ वर्षे लागली. त्यानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांत रमाबाईंच्या पुस्तकावर अभ्यास सुरू झाला आहे. मराठी वाचकाला मात्र ते हवे असले तर वर्षानुवर्षे जुन्या ग्रंथालयात जाऊन कपाट उघडायला सांगावे लागले.